ग्रंथपालाची जागा विद्यापरिषदेत आहे

विद्यापीठाच्या निवडणुका जवळ आल्या की महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये नावांची चाचपणी सुरू होते. अधिसभेला कोण, विद्यापरिषदेला कोण, अभ्यास मंडळावर कोणाला पाठवायचे. या चर्चेत कोणी ग्रंथपालाचे नाव सुचवले की उत्तर ठरलेले असते : "ते शिकवत नाहीत. त्यांचे तिथे काय काम?" मी महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. यंदा आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखेतून विद्यापरिषदेला उभे राहायचे मी ठरवले आहे, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारते. विचारणारे बहुतेक माझे सहकारीच आहेत आणि त्यांच्या मनात आकस नाही. म्हणूनच त्यांना नीट, मुद्देसूद उत्तर द्यावेसे वाटते. माझे म्हणणे एवढेच : अभ्यासक्रम, संशोधनाचे नियम आणि प्रबंधांचे निकष जिथे ठरतात, तिथे ज्ञानाच्या साधनांची जाण असलेला माणूस मताधिकारासह बसला पाहिजे. तो बसत नाही, याची किंमत विद्यार्थी मोजतो आहे.

आधी कायदा पाहू, कारण पहिला आक्षेप कायद्याच्या नावानेच घेतला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यातली 'शिक्षक' या पदाची व्याख्या काढून पाहावी. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांच्याच ओळीत ग्रंथपाल, उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, प्रलेखन अधिकारी आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल यांचा उल्लेख आहे. हे काही नवे दान नाही; १९९४ च्या कायद्यातही महाविद्यालयीन ग्रंथपाल शिक्षकांतच धरलेला होता. यावर काही जण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांकडे बोट दाखवतात. त्यांच्या शीर्षकात 'शिक्षक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी' असे म्हटले आहे, म्हणजे ग्रंथपाल 'इतर' झाला, असा युक्तिवाद. पण शीर्षकाच्या पुढे वाचले तर काय दिसते? पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट, सहायक प्राध्यापकाचाच शैक्षणिक स्तर १०, ५७,७०० रुपयांपासून सुरू होणारे तेच मूळ वेतन, आणि पदोन्नतीसाठी स्थाननिश्चितीची तशीच शिडी. ज्याच्याकडून शिक्षकाची पात्रता मागितली जाते, त्याला शैक्षणिक निर्णयाच्या वेळी बाहेर उभे करायचे, याला कोणताही आधार विनियमांत नाही.

खरी अडचण व्याख्येनंतर सुरू होते. अभ्यास मंडळावर निवडून जाण्याच्या जागा महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांतून भरल्या जातात, आणि ग्रंथपाल कोणत्याही विषयाचा विभागप्रमुख नसतो. विद्यापरिषदेच्या शिक्षक जागांसाठी अध्यापनाच्या अनुभवाची अट आहे. ग्रंथपालाची सेवा त्या अनुभवात धरायची की नाही, हा वाद उमेदवारी अर्जाच्या छाननीवेळी उकरून काढला जातो. शिक्षक म्हणून मतदार यादीत नाव घालायचे आणि अर्ज भरायला गेल्यावर तुमचा अनुभव अध्यापनाचा नाही असे सांगायचे, या दोन भूमिका एकाच कायद्याखाली एकत्र नांदू शकत नाहीत.

आता 'शिकवत नाहीत' या मुख्य मुद्द्याकडे येते. पीएच.डी.ला नोंदणी झालेला विद्यार्थी ग्रंथालयात येतो, तेव्हा त्याला विषय माहीत असतो, वाट माहीत नसते. आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, ते कुठल्या सूचीत सापडेल, शोधगंगेवरचे प्रबंध कसे चाळायचे, शोधसंज्ञा कशा बदलून पाहायच्या, एखादे नियतकालिक खरे की पैसे घेऊन काहीही छापणारे हे कसे ओळखायचे, संदर्भ कसा द्यायचा : हे सगळे त्याला कोणीतरी शिकवते. हे शिक्षण फळ्यासमोर होत नाही आणि वेळापत्रकात त्याची तासिका नसते, म्हणून ते शिक्षण नाही असे कसे म्हणता येईल? १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचे प्रकरण आले होते. न्यायालयाने त्याला शिक्षक मानले. खेळाचे नियम आणि कौशल्ये तो विद्यार्थ्यांना समजावून देतो, हे काम वर्गाच्या चार भिंतींत होत नसले तरी ते शिकवणेच आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. प्रकरण दुसऱ्या पदाचे आणि दुसऱ्या राज्याच्या कायद्याचे होते, हे खरे. पण माणूस प्रत्यक्ष काय करतो यावरून तो शिक्षक ठरतो, हे त्यातले सूत्र ग्रंथपालालाही लागू होते.

या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे पुस्तकरूपाने मांडली आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. प्रेसिडेन्सी कॉलेजातला वर्ग सोडला त्या दिवशी त्यांच्यातला शिक्षक संपला, असे कोणी म्हणेल का? पुढे १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष होते. ग्रंथालयातील व्यावसायिक कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. वेतनाची बरोबरी टप्प्याटप्प्याने आली. निर्णयातली बरोबरी अजून यायची आहे. मराठीपुरते बोलायचे तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आठवावी. १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची नोंद त्यांनी दोन भागांत करून ठेवली. एकोणिसाव्या शतकावर काम करणारा मराठीचा कोणताही संशोधक दात्यांच्या सूचीशिवाय पुढे जात नाही. सूची करणे, वर्गीकरण करणे, शोधाची वाट बांधून देणे ही विद्वत्तेची कामे आहेत, आणि विद्यापीठाने त्यांना तसे मानले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आहे आणि म्हणून अधिक घातक. "ग्रंथालय ही सेवा आहे. तुमच्या अडचणींसाठी ग्रंथालय समिती आहेच की!" ग्रंथालय समितीत प्राचार्य अध्यक्ष असतात, ग्रंथपाल सचिव. कोणत्या विभागाला खरेदीसाठी किती रक्कम द्यायची, कोणती नियतकालिके चालू ठेवायची, हे ती ठरवते. अभ्यासक्रम बदलणे किंवा प्रबंधाचे नियम करणे तिच्या हाती नाही. ग्रंथालयात येणारे बहुतेक मोठे प्रश्न नेमके तिच्या आवाक्याबाहेर तयार झालेले असतात. दोन उदाहरणे जरा जवळून पाहू.

पहिले संदर्भग्रंथांच्या यादीचे. नवा अभ्यासक्रम हाती आला की मी आधी त्याचे शेवटचे पान उघडते. कला शाखेच्या एका विषयाची यादी घ्या. एका ग्रंथाच्या पुढे लेखकाचे फक्त आडनाव, प्रकाशक नाही, आवृत्ती नाही. दुसरे पुस्तक अनेक वर्षांपूर्वी छापलेले, प्रकाशन संस्था बंद पडलेली, नवी आवृत्ती निघालेली नाही. तिसरे इंग्रजीत, परदेशी प्रकाशकाचे, एका प्रतीच्या किमतीत मराठी पुस्तकांचा एक कप्पा भरेल असे. आणि वर्गातली बहुतेक मुले मराठी माध्यमातून परीक्षा देणारी. उरलेले मिळण्यासारखे असते. ते मागवायचे तर मागणीपत्र, दरपत्रके, समितीची मंजुरी, पुरवठादाराचा पाठपुरावा. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे. पुस्तक दाखल होऊन त्याला दाखलअंक पडेपर्यंत त्या विषयाची परीक्षा होऊन गेलेली असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचे अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून वर्षागणिक येऊ लागले आणि हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहू लागला. विद्यार्थी थांबत नाही. तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स घेतो आणि त्याच त्याचा अभ्यासक्रम होतात. मग आम्हीच तक्रार करतो की मुले वाचत नाहीत. यादी मंजूर होण्याआधी तिच्यावर एका जाणत्या ग्रंथपालाची नजर फिरली असती तर यातले निम्मे दोष तिथेच निघाले असते. पण यादी त्याच्यापुढे येते ती मंजूर होऊनच.

दुसरे उदाहरण प्रबंधांचे, आणि ते मला अधिक गंभीर वाटते. मराठीत लिहिलेले कितीतरी प्रबंध अजून युनिकोडपूर्व जुन्या फाँटमध्ये टंकित होतात. पडद्यावर आणि कागदावर अक्षरे स्वच्छ देवनागरी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती देवनागरी नसतातच. आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असते. अशा पीडीएफमधला एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला की कोणालाही हे दिसेल. असा प्रबंध साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर त्याला त्यातला एकही मराठी शब्द ओळखता येत नाही. अहवालात साम्य शून्याच्या जवळपास येते. तो अहवाल प्रमाणपत्रासह प्रबंधाला जोडला जातो आणि सगळे निर्धास्त होतात. वस्तुतः तपासणी झालेलीच नसते. नकल केलेला प्रबंध सहीसलामत सुटतो. प्रामाणिक संशोधकाचा प्रबंध शोधगंगेवर जातो, पण त्यातल्या मजकुराचा शब्द टाकून शोधणाऱ्याला तो सापडत नाही, म्हणजे त्याची कित्येक वर्षांची मेहनत मराठी ज्ञानव्यवहाराच्या नजरेआडच राहते. उपाय एका ओळीचा आहे : मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. पण ही ओळ लिहिण्याचा अधिकार ग्रंथालय समितीला नाही. तो विद्यापरिषदेला आहे, आणि रोज हे अहवाल काढणारा माणूस विद्यापरिषदेत नाही.

याच विषयात अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्याचे विनियम काढले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे तीव्रतेनुसार पायऱ्या. संदर्भसूची, ऋणनिर्देश, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे तपासणीतून वगळायची. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही वगळायचे. ही वगळणी हाताने, समजून करावी लागते. संदर्भसूची वगळायची राहिली तर निर्दोष प्रबंधाची टक्केवारीही फुगते, आणि विद्यार्थी घाबरून चांगली वाक्ये मोडत बसतो. विनियमांनी विभागीय आणि संस्था पातळीवरच्या समित्यांत तपासणी साधनांची चांगली जाण असलेली एक व्यक्ती असावी असे सांगितले आहे. बहुतेक महाविद्यालयांत ही जाण असलेली व्यक्ती कोण, हे सर्वांना माहीत आहे. तिच्या ज्ञानाची गरज विनियमांनी मान्य केली आहे. नियम घडवताना तेच ज्ञान नको कसे?

नियतकालिकांच्या निवडीचेही असेच झाले. आयोगाची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्या यादीचा कक्ष आपल्या पुण्याच्या विद्यापीठात होता. आता कोणते नियतकालिक विश्वासार्ह, हे प्रत्येक संस्थेने स्वतःचे निकष लावून ठरवायचे आहे. संपादक मंडळ खरे आहे का, समीक्षण होते का, शुल्काचा व्यवहार काय, अनुक्रमणीत नोंद आहे का, हे तपासणे आमचे रोजचे काम. तसेच 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेचे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली; तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था. महाराष्ट्रातली बहुसंख्य अनुदानित महाविद्यालये खासगी शिक्षण संस्था चालवतात, त्यामुळे हा लाभ त्यांच्या पदरात आपोआप पडलेला नाही. अशा महाविद्यालयात पीएच.डी.चे संशोधन केंद्र मंजूर करताना तिथल्या विद्यार्थ्याला कोणती नियतकालिके वाचायला मिळतील, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारायला कोणीतरी बैठकीत असावे लागते.

तिसरा आक्षेप : "आज ग्रंथपालाला जागा दिली तर उद्या सगळेच मागतील." मागू देत, आणि प्रत्येकाची मागणी एका कसोटीवर घासून पाहू : त्या मंडळाचे निर्णय या माणसाच्या ज्ञानावाचून अपुरे राहतात का? क्रीडा विषयाला श्रेयांक देण्याचा प्रश्न असेल तेव्हा शारीरिक शिक्षण संचालकाचे म्हणणे निर्णायक असले पाहिजे, असे मी म्हणेन. शिवाय वर्गात न शिकवणाऱ्यांना कायद्याने दार बंद केलेले नाही. महाविद्यालय विकास समितीत माजी विद्यार्थी आहे, उद्योग आणि समाजसेवेतले लोक आहेत, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी आहे, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी आहेत. हे सगळे योग्यच आहे. एवढ्या विविध लोकांचे म्हणणे ऐकण्याची तयारी असलेल्या व्यवस्थेने ग्रंथालयापाशीच थांबावे, याचे कारण मला कोणी सांगितलेले नाही.

चौथा आक्षेप संख्येचा. एका महाविद्यालयात शिक्षक पन्नास, ग्रंथपाल एक. तोही अनेक ठिकाणी नाही, कारण पद रिक्त आहे आणि कार्यभार दुसऱ्याकडे आहे. निवडणुकीत आमची मते थोडी पडतात, हे मान्य. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. जो घटक संख्येने लहान आहे आणि ज्याच्या कामाशी प्रत्येक विद्याशाखेचा संबंध आहे, त्याची जागा खुल्या निवडणुकीच्या गणितावर सोडायची नसते, नियमात लिहून ठेवायची असते.

पाचवा आक्षेप कुजबुजीत असतो : हे सगळे प्रतिष्ठेसाठी चालले आहे. मंडळावर बसल्याने ग्रंथपालाच्या पगारात रुपयाचीही वाढ होत नाही. बैठका वाढतात, कागद वाढतात, ग्रंथालयाची वेळ सांभाळून प्रवास करावा लागतो. आणि प्रतिष्ठा हवी असण्यात गैर काय? ज्याच्या मताला बैठकीत वजन नाही, त्याने दिलेली सूचना 'पुढील सत्रात विचार करू' या शेऱ्याखाली पडून राहते, हा अनुभव राज्यातल्या कोणत्याही ग्रंथपालाला विचारावा. मताधिकाराची प्रतिष्ठा कामासाठीच लागते.

आणि इंटरनेट? सगळे मोबाइलवर मिळते, मग ग्रंथपाल कशाला, असेही म्हणतात. अलीकडे विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेल्या संदर्भसूची घेऊन येतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिकाचे नाव खरे, खंड आणि पृष्ठांक व्यवस्थित. पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. नियतकालिकाचा तो अंक उघडून पाहिल्याखेरीज हे कळत नाही. माहिती जितकी स्वस्त होत जाईल तितकी तिची पारख महाग होणार आहे, आणि पारख शिकवणारी माणसे विद्यापीठाकडे आधीच आहेत.

माझ्या मागणीच्या मर्यादाही स्पष्ट सांगते. प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, विषयातला कोणता घटक ठेवायचा आणि कोणता गाळायचा, यात अंतिम शब्द त्या विषयाच्या अध्यापकाचाच. तिथे ग्रंथपालाने हक्क सांगू नये. आमच्या पेशालाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. दरवर्षी १२ ऑगस्टला आपण रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालतो. पण किती ग्रंथपाल अभ्यास मंडळाला लेखी सूचना पाठवतात? किती जण विद्यापीठाची परिपत्रके मुळातून वाचतात? देवघेवीच्या टेबलापलीकडे आपले मत कोणी विचारत नाही ही तक्रार खरी आहे. ते मत न विचारताही मांडण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, आणि अर्ज भरले पाहिजेत.

मी माझा अर्ज भरते आहे. निवडून आले तर तीन प्रस्ताव मांडणार आहे. कोणताही अभ्यासक्रम विद्यापरिषदेपुढे येण्याआधी त्याची संदर्भयादी ग्रंथपालांच्या समितीकडून तपासली जावी आणि ग्रंथ उपलब्ध असल्याचा शेरा सोबत असावा. मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारले जावेत आणि साम्य अहवालावर प्रशिक्षित ग्रंथपालाची सही असावी. विद्यापरिषदेत महाविद्यालयीन ग्रंथपालांची एक जागा कायम असावी, आणि ग्रंथपालपदाची सेवा अध्यापनाच्या अनुभवात धरावी, अशी दुरुस्ती विद्यापीठाने शासनाकडे सुचवावी. निवडून आले नाही, तरी हेच प्रस्ताव लेखी पाठवणार आहे. ज्यांना ते चुकीचे वाटतात त्यांनी त्यातली चूक दाखवावी. 'तुम्ही शिकवत नाही' हे त्यांचे उत्तर होऊ शकत नाही.